डुकरांपाशी थांबलेली गोष्ट

काल मंठा चौफुलीवर हातगाडीवर हरभऱ्याचे डहाळे दिसले. हिरवे, ओलसर, घाट्यांनी लगडलेले. गाडी बाजूला घेतली, एक जुडी उचलली आणि बायकोसाठी घेतोय असा चेहरा करून तिथंच उभ्या उभ्या अर्धी संपवली. थंडीत हरभऱ्याच्या पाल्यावर एक आंबूस खार चढते. ती बोटांना लागते, बोटांवरून ओठांना लागते आणि मग दिवसभर कुठंही हात लावला तरी जिभेवर शेत उतरतं. निदान इतरांच्या जिभेवर शेत उतरत असावं. मला त्या खारीनं बायबल आठवतं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी हे वाक्य वाचलं तर ते मला चहाला बोलावतील आणि चहा मात्र देणार नाहीत.

मी नोकरी करतो जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या गोदामात. पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली पेरणाऱ्याची गोष्ट, मी आजवर बऱ्याच ठिकाणी शिकवला आहे. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. माझ्या हातून जाणारं सगळं बी सीलबंद पिशवीत पडतं, आणि आयुष्यात मी स्वतः पेरलेली एकमेव गोष्ट म्हणजे कुंडीतली कोथिंबीर. ती उगवली नाही. अशा माणसाला काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात एका खेड्यावर सुवार्ता, म्हणजे देवाची आनंदाची बातमी, शिकवायला पाठवलं होतं.

गाव मंठ्याच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मला अजून चहा पाजतात आणि तो चहा मला गमवायचा नाही. तिथं आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, एकच घर, रुतमावशीचं. नवरा वारलेला, मुली लग्न होऊन गेलेल्या, अंगणात एक बाभूळ आणि एक शेळी. त्या अंगणात कित्येक वर्षं शलमोनकाका दर रविवारी दुपारी जाऊन बायबल शिकवायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि काकांनी माझं नाव सुचवलं. का सुचवलं ते मी त्यांना कधी विचारलं नाही. उत्तर खरं निघालं असतं तर?

मावशीकडं फक्त मावशीच ऐकायला असते असं नव्हतं. शेजारचे, भावकीतले नसलेले, कपाळाला भंडारा लावलेले, गळ्यात माळ असलेले, कुणीही येऊन टेकायचं. खेड्यात रविवारी दुपारी फुकट गोष्ट मिळत असेल तर ती कुठल्या देवाची आहे हे आधी विचारत नाहीत, नंतर विचारतात. काकांना ते ठाऊक होतं, म्हणून ते गोष्टीच सांगायचे. मला ठाऊक नव्हतं, म्हणून पहिल्या रविवारी मी टाय लावून गेलो.

टाय लावून, वर स्वेटर, वर हेल्मेट. अंगणात उतरलो तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "डागदर आले वाटतं." मी चर्चच्या मराठीत सुरुवात केली: "प्रिय बंधुभगिनींनो, आजच्या मननासाठी निवडलेल्या शास्त्रभागात..." आणि तिथून पुढं जवळजवळ तासभर मी एकटाच होतो. माणसं बसलेली होती, पण मी एकटाच होतो. संपल्यावर मावशीनं पाण्याचा तांब्या दिला आणि हळूच विचारलं, "सर, तुमी समजावून सांगत होते का रागावले होते?"

टाय दुसऱ्या रविवारी घरी राहिला. गीत मी अजूनही उंच पट्टीत सुरू करत होतो आणि दुसऱ्या कडव्यात मावशीच्या शेळीकडं मदतीसाठी बघत होतो, पण गोष्टी सांगायला लागलो होतो.

आता तिकडं जाताना रस्ता सरळ, रुंद झाला आहे. तेव्हा फाट्यापासून आत वळलं की खडी होती, आणि फाट्यावर लिंबाच्या पारावर घोंगडं पांघरून एक म्हातारा बसलेला असायचा. दर रविवारी. मला वाटायचं, केवढी ही आस्था! गावानं आपल्याला घ्यायला माणूस ठेवलाय. मी वळताना हात उंच करून नमस्कार घालायचो. म्हातारा माझ्याकडं बघायचा, मग माझ्या मागं बघायचा. त्याच्या नमस्काराची वाट न बघता मी पुढं जायचो, उगाच छाती काढून.

ते आबा. त्यांचा मोठा मुलगा भानुदास. तो मावशीच्या कुडाला लागून असलेल्या जनावरांच्या हौदावर बसायचा, आत कधी यायचा नाही. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता शेती. रुंद हाडाचा, कमी बोलणारा गडी. मला वाटायचं, हा माझा सगळ्यात मन लावून ऐकणारा विद्यार्थी. माणसांबद्दल मला जे जे वाटायचं ते एका वहीत लिहून काढलं असतं तर विनोदी पुस्तक झालं असतं.

तो रविवार. शेतांना वीज देणारा गावाचा डीपी जळलेला होता. डीपी जळला म्हणजे मोटारी बंद, मोटारी बंद म्हणजे हरभरा माना टाकून उभा आणि माणसं रिकामी. अंगण गच्च भरलं होतं. बाया, बापे, पोरं. मला कुणी डीपीबद्दल सांगितलं नाही. मी ती गर्दी स्वतःच्या खात्यावर जमा केली.

त्या दिवशी मी उधळ्या मुलाची गोष्ट काढली. येशूनं सांगितलेल्या गोष्टींतली ही माझी सगळ्यात लाडकी, आणि मला ती साभिनय येते. एका बापाला दोन मुलं. धाकटा म्हणतो, बाबा, माझी वाटणी आत्ताच द्या.

"बाप जिता असताना?" एक बाई म्हणाली.

"जिता असताना."

"मंग त्यो बाप मेलाच की त्याच्या लेखी."

मी खूष झालो. हे वाक्य मोठमोठ्या भाष्यांत असतं, आणि इथं ते त्या बाईकडून तंबाखू मळता मळता आलं होतं. मी रंगात आलो. वाटणी घेतली, दूरदेशी गेला, दोस्त, चैन, उधळपट्टी. तेवढ्यात त्या देशात दुष्काळ. दुष्काळ सांगताना मला काहीच अभिनय करावा लागला नाही, समोरच्या चेहऱ्यांवर तो आपोआप आला. मग त्याला काम मिळतं ते डुकरं राखायचं. मी चेहरा पाडला, काठी घेतली, अंगणभर डुकरं हाकली. पोरं लोळली हसून. भूक एवढी की डुकरांच्या पुढ्यातल्या शेंगा खाव्यात असं त्याला वाटू लागलं, पण त्याही कुणी देईना.

इथं मी थांबलो. दम घेतला. गोष्टीतली सगळ्यात सुंदर जागा आता येणार होती. मी डोळे मिटले.

आणि कुडाच्या पलीकडून आवाज आला, "लाईट आलीऽऽ!"

मी डोळे उघडले तेव्हा अंगणात मावशी, शेळी आणि एक राहिलेली चप्पल होती.

थ्री फेज कधी जाईल याचा नेम नसतो. जो जल्दी पोचला त्याची मोटार चालू झाली. माझा काही राग नव्हता. शेतांतून एकामागून एक मोटारी घुरघुरायला लागल्या, पाईपांतून आधी हवा, मग मातकट, मग स्वच्छ पाणी धडधडत आलं. ओल्या मातीचा आणि हरभऱ्याचा तो आंबट वास घेत मी परत निघालो, आपण आज काय सुंदर बोललो असा विचार करत.

सोमवारी दुधाच्या टेम्पोतून माझ्या नावानं गोदामाच्या गेटवर डहाळ्यांचा मोठा भारा आला. टेम्पोवाला म्हणाला, "भानुदासभाऊनं पाठवलाय. म्हणले, सरांला सांगा, बिलकुल बराबर बोलले." मी सगळ्या खात्याला हरभरे वाटले. साहेबांच्या टेबलावर जुडी ठेवली. "कशाबद्दल?" साहेबांनी विचारलं. "शिकवल्याबद्दल," मी म्हणालो आणि मान थोडी खाली घातली, विनय दिसेल एवढीच.

संध्याकाळी शलमोनकाकांना फोन लावला. त्यांचा गुडघा कसा आहे हे विचारायचं निमित्त, सांगायचा होता हरभरा. ते शांतपणे ऐकत होते.

"गोष्ट कुठवर सांगितलीस?" त्यांनी विचारलं.

"डुकरांपर्यंत. मग लाईट आली."



"अरे लेकरा," ते म्हणाले, "मग तू सुवार्ता कुठं सांगितलीस? वाटणी घेऊन गेला आणि मातीत गेला, ही तर गावातलीच बातमी आहे. ती त्यांना आधीच माहीत होती."

हे वाक्य मी आजही शिकवायला जाताना खिशात घालून नेतो. जगातला बहुतेक उपदेश डुकरांपाशीच थांबतो, हे मला तेव्हापासून दिसायला लागलं. मोबाईलवर सकाळी येणारे सुविचार, सोसायटीच्या कट्ट्यावरचे ज्येष्ठ, परीक्षेच्या निकालानंतर घरी येणारे नातेवाईक. सगळे आपल्याला नेऊन डुकरांच्या मधोमध उभं करतात आणि म्हणतात, बघ, सांगत होतो ना? आणि चहा पिऊन निघून जातात. मी बारावीला रसायनशास्त्रात नापास झालो तेव्हा आमच्याकडं अशी इतकी माणसं आली की दूध पुरलं नाही. त्यांचं कुणाचंच म्हणणं चूक नव्हतं, हीच त्यातली पंचाईत. डुकरांपर्यंतची गोष्ट नेहमी खरीच असते. तेवढ्यासाठी देवानं माणसाकडं बातमी पाठवायची गरज नव्हती.

पण हे शहाणपण आत्ताचं. त्या आठवड्यात मला एवढंच वाटत होतं की काका म्हातारे झाले आणि थोडे जळतात.

पुढच्या रविवारी गेलो तर पारावर आबा नव्हते. नमस्कारासाठी उचललेला हात मी तसाच हेल्मेटकडं नेला. मावशी दारातच उभी होती. पाणीसुद्धा दिलं नाही.

"सर, काय करून ठिवलं तुमी?"

"मी? काय?"

मग तिनं सांगितलं. भानुदासला धाकटा भाऊ आहे, दत्ता. त्यानं आबांच्या हयातीत आपली वाटणी मागून घेतली, ती विकून टेम्पो घेतला, टेम्पोही गेला, आणि लाजेपायी तो गावात तोंड दाखवेना. जालन्यात लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर काम करतो म्हणतात. आबा रोज दुपारी फाट्यावर जाऊन बसतात, जालन्याची एस्टी येऊन जाईपर्यंत. सरांच्या स्वागताला नव्हे.

"अन् परवा दत्ताचा फोन आल्ता," मावशी म्हणाली. "संक्रांतीला येऊ का, म्हणून. किती वर्सांनी! फोन भानूच्या हातात. भानूनं त्याला तुमची गोष्ट सांगितली. म्हणला, सरांच्या पुस्तकातच लिवलंय, वाटणी घेऊन जाणारा डुकरं राखतो. राख, म्हणला. अन् ठिवला फोन. त्या दिसापासून म्हातारा फाट्यावर जाईना. कोणासाठी जावं? जेवण बी तोडलंय. आता दत्ता येत न्हाई, सर. अन् आबा ही थंडी काढत न्हाईत."



"मावशी, आज आपण नोहाची गोष्ट घेऊ," मी म्हणालो. "जहाज, प्राणी, मुलांना आवडते."

मावशीनं माझ्याकडं असं बघितलं की जहाज जागीच बुडालं. "जी मोडली ती नीट करा," ती म्हणाली. "आबाला मी हाताला धरून आणलंय."

मदतीला म्हणून मी त्या दिवशी कापडी फळा आणला होता. त्यावर कागदी चित्रं चिकटतात: बाप, मुलगे, घर, पोसलेलं वासरू. चित्रं मांडून मी गीतपुस्तक काढायला वळलो आणि परत फिरलो तर वासरू नव्हतं. मावशीची शेळी चघळत उभी होती. पोसलेलं वासरू, चारही पायांसकट.

शेळीचे उपकार मला पाच मिनिटांनी कळले. अंगण मागच्यापेक्षा भरलेलं होतं. त्या आठवड्यात लाईटची पाळी रात्रीची होती, शिवाय भानुदासनं चारचौघांना मुद्दाम बोलावून आणलं होतं: सर पुढं काय सांगतेत बघा. तो नेहमीच्या हौदावर, हात छातीशी. आबा बाभळीखाली उन्हात, घोंगड्यात. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होतो आणि नेमका तिकडंच बघत होतो.

या वेळी अभिनय केला नाही. काठीही घेतली नाही. मी म्हणालो, मागच्या वेळी गोष्ट अर्धी राहिली. त्या पोराला डुकरांत भान आलं. बापाच्या घरी गड्यांनाही पोटभर मिळतं, मी जाऊन म्हणेन, मला मुलगा म्हणू नका, गडी म्हणून ठेवा. आणि तो उठला आणि निघाला. तो अजून दूर होता, तेव्हाच बापानं त्याला पाहिलं.

"लांबून कसं वळखलं?" एका पोरानं विचारलं.

मला उत्तर द्यावं लागलं नाही. साऱ्या अंगणाच्या माना बाभळीकडं गेल्या आणि पटकन परत फिरल्या.

"आणि बाप धावत सुटला," मी म्हणालो.

"धावला?" एक पागोटेवाले बाबा म्हणाले. "जमीनजुमलावाला माणूस? गावादेखत?"

"धावला."

"धोतर सावरीत?"

"लिहिलेलं नाही, पण सावरावंच लागलं असेल."

"न्हाई जमत," बाबा म्हणाले. "बापानं घरात बसावं. पोरानं पायावर यावं. अशी रीत हाय."

"हीच तर बातमी आहे, बाबा," मी म्हणालो, आणि माझ्याच आवाजातला चर्चचा खणखणाट गेल्याचं मला जाणवलं. "रीत सगळ्यांना माहीत होती. येशू सांगतो, देव रीतीसाठी घरात बसून राहत नाही. पोरगं दिसलं की धावतो. पोरगं पाठ केलेलं वाक्य बोलत होतं, ते बापानं पुरं होऊ दिलं नाही. अंगरखा आणा, जोडे आणा, माझा मुलगा मेला होता, जिवंत झाला. आणि जेवणासाठी कापलं..."

इथं मला एकदम दिसलं की आपण कुणापुढं बोलतोय. बैलपोळ्याला जनावरांना ओवाळणाऱ्या घरांत मी वासरू कापायला निघालो होतो. फळ्यावर वासरू नव्हतं. शेळी होती.

"...बोकड कापलं," मी म्हणालो.

"आता कसं!" पागोटेवाले म्हणाले. त्यांना ही पंगत पटली.

तेवढ्यात हौदावरून आवाज आला. भानुदास मला पहिल्यांदाच काही विचारत होता.

"सर, त्या पोराला भाऊ न्हाई का?"

मावशी पदराशी चाळा करत होती.

"आहे," मी म्हणालो. "मोठा आहे. तो शेतात होता. घराजवळ आला तेव्हा त्याला वाजंत्री ऐकू आली. गड्यानं सांगितलं, धाकटा आलाय. तो रागावला. आत जाईना."

"बराबर हाय त्याचं."

"तो बापाला म्हणाला, इतकी वर्षं मी राबतोय, तुमचा शब्द मोडला नाही, आणि मला तुम्ही दोस्तांबरोबर बसायला कधी साधं..."

मूळ शास्त्रात इथं करडू आहे. वासराच्या तोलानं करडू. पण मी धाकट्याला बोकड देऊन बसलो होतो. मोठ्याची तक्रार बोकडाहून लहान असायला हवी होती.

"...साधं कोंबडं दिलं नाही," मी म्हणालो.

एरवी हशा झाला असता. भानुदास हौदावरून उठला होता. "कोंबडं बी न्हाई," तो हळू म्हणाला. कुणाला म्हणाला कळलं नाही.

"मग बाप त्याच्यासाठीही घराबाहेर आला," मी म्हणालो. "पंगत सोडून. विनवायला लागला. म्हणाला, बाळा, तू सदाच माझ्याजवळ आहेस. जे माझं ते तुझंच. पण तुझा भाऊ हरवला होता, तो सापडला. आनंद करायला नको का?"

"मंग?" भानुदास म्हणाला.

"मग काय?"

"गेला का आत?"

"ते लिहिलेलं नाही."

अंगणात कुजबुज झाली. पागोटेवाले म्हणाले, "सर, आज तर लाईट बी आली न्हाई. पुरी करा की."

"एवढीच आहे, बाबा. येशूनं इथंच थांबवली. मोठा दाराबाहेर उभा आहे आणि बाप त्याच्याजवळ उभा आहे."

मला पुढं समारोप करायचा होता. तीन मुद्दे काढले होते, तिन्ही 'प' पासून सुरू होणारे. पण बाभळीखाली हालचाल झाली. आबा उठत होते. मावशी धरायला गेली, तिला त्यांनी हातानं मागं सारलं. घोंगडं खांद्यावरून घसरलं, ते तसंच राहिलं. अंगण ओलांडून, पोरांच्या मधून वाट काढत ते कुडाबाहेर गेले, हौदाकडं.

आम्हाला वाटलं, धाकट्यासाठी पदर पसरणार. तसं काही नाही झालं.

"भानू," आबा म्हणाले, "गेलेल्याची वाट बघता बघता, हाय त्याच्याकडं माझं ध्यानच न्हाई राह्यलं. बैल राबून आला तर त्याच्या पाठीवर हात फिरवितो मी. तुझ्या पाठीवर कधी फिरवला न्हाई."

आणि त्यांनी हात ठेवला. भानुदासच्या रुंद पाठीवर तो वाळका हात वरून खाली, खालून वर फिरत होता, खरोखर बैलावर फिरवावा तसा.

"आबा," भानुदास म्हणाला, "लोक बघून राह्यलेत."

"बघू दे."

मी तीन मुद्दे सांगितले नाहीत. प्रार्थनाही मावशीनंच केली, दोन ओळींत. तिच्या देवाशी ती रोजच्या भाषेत बोलायची आणि तो तिला उत्तर देत असावा, कारण ती मधेच थांबून मान हलवायची.

त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नाही. भानुदास त्या दिवशी तसाच शेताकडं निघून गेला होता. आपण जे मोडलं ते जुळलं की आणखी मोडलं, हे कुणाला विचारणार? मग एका दुपारी गोदामाच्या गेटवरून निरोप आला, कुणी भेटायला आलंय. भानुदास उभा. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी, चेहरा नेहमीचाच दगडी.

"त्याची मिल दाखवा," तो म्हणाला.

"कुठली मिल?"

"ते मला ठावं असतं तर तुमच्याकडं कामून आलो असतो?"

साहेबांकडून अर्धी सुट्टी घेतली आणि त्याला गाडीवर मागं बसवून निघालो. एमआयडीसीत इतकी वर्षं काढून मला एकही मिल नीट माहीत नाही, हे त्या दिवशी कळलं. दोनदा त्याच गेटवर गेलो. वॉचमननं दुसऱ्यांदा विचारलं, "आप लोग कंपनी खरीदने आये क्या?" धूर, लोखंडाचा जळका वास, ट्रकांची धूळ. आरशात मला भानुदासचा चेहरा दिसत होता आणि काही केल्या वाचता येत नव्हता. पिशवीत काय आहे हे विचारायची हिंमत झाली नाही. वाटलं, आपण सुवार्तेच्या नादात एका माणसाला मार खायला घालतोय, तोही स्वतःच्या पेट्रोलनं.

पाळी सुटत होती. गेटमधून माणसं बाहेर पडत होती, तोंडाला काळी फडकी, सायकली, मोटारसायकली. त्यांतला एक चालता चालता थांबला. फडकं खाली ओढलं. तोच रुंद हाडाचा सांगाडा, पण भट्टीनं आतून खाल्लेला. त्यानं मोठ्या भावाला पाहिलं आणि त्याच्या हातातला डबा खाली पडला.

"आबा गेले?" तो म्हणाला.

दुसरं काय वाटणार होतं त्याला? भाऊ स्वतः जालन्याला यायला एकच कारण उरलं होतं. तो तिथंच रस्त्याकडेला खाली बसला. "कधी? मला कामून न्हाई कळवलं? माती झाली का?"

भानुदास त्याच्यासमोर उभा होता. मला त्याची फक्त पाठ दिसत होती.

"न्हाई गेले," तो म्हणाला. "जिते हायेत. म्हणूनच आलो. मेल्यावर तर सगळेच आणतेत."

दत्ता उठेना. तोंडावरून हात काढेना. भानुदासनं थोडा वेळ वाट बघितली, मग वाकून त्याचा डबा उचलला, पिशवीत घातला आणि त्याला दंडाला धरून उभं केलं. प्रेमानं वगैरे नाही. चिखलातून मेंढरू ओढावं तसं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "सर, तिघं काही बसत न्हाई. चावी द्या. रविवारी घेऊन जा गाडी."

मी चावी दिली. धुरातून ते दोघं माझ्या गाडीवर जाताना मी बघत राहिलो. भानुदासला गियर बदलणं नीट जमत नव्हतं आणि दत्ता मागून काहीतरी ओरडून सांगत होता. मी रिक्षानं घरी आलो. बायकोनं गाडी कुठं म्हणून विचारलं. "सुवार्तेच्या कामाला गेली," म्हणालो. तिनं पुढं विचारलं नाही. तिला माझी सवय आहे.

रविवारी एस्टीनं गेलो. फाट्यावरचा पार रिकामा होता. गाडी आबांच्या दारात उभी होती, चिखलानं माखलेली, आरसा एक गायब. घरामागून मोठमोठ्यानं आवाज येत होते. दोघं भाऊ भांडत होते. बांधाचं काहीतरी, नाहीतर चाऱ्याचं. "तुला काय कळतं रे शेतातलं?" "तूच लय शहाणा!" "अन् टेम्पो कोणी बुडवला?" "काढ, काढ, तेच काढ!" मधेच एक बाई, बहुतेक भानुदासची बायको, दोघांवर ओरडली, आणि दोघं मिळून तिच्यावर ओरडले.

मी धावत पुढं झालो. मनात समेटाची वचनं जुळवत होतो. आबा ओट्यावर उन्हात बसले होते, भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून. पुढ्यात ताटली, त्यात भाकरीचा शेवटचा कोर. मागून आवाज चढला की त्यांची मान थोडी डोलायची.

"आबा, मी बोलतो त्यांच्याशी," मी म्हणालो. "शास्त्रात यावर फार चांगलं..."

आबांनी डोळे न उघडता शेजारची जागा हातानं झाडली.

"बसा, सर," ते म्हणाले. "आज काही शिकवू नका. ऐकू द्या."